मराठी मजकूर पडद्यावर दाटीवाटीचा का दिसतो आणि तो मोकळा कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच वेबसाइटची इंग्रजी आणि मराठी अशी दोन रूपं आहेत. मांडणी एकच, सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची) फाइल एकच, फॉन्टही नावाजलेला. इंग्रजी पान सहज वाचता येतं, मराठी पान मात्र दोन परिच्छेदांतच डोळ्यांना जड होतं. फॉन्ट बदलून पाहिला तरी फारसा फरक पडला नाही. मग बदलायचं काय?

फॉन्ट बहुधा ठीकच आहे. घोळ आहे तो त्याच्याभोवतीच्या आकड्यांत. सीएसएसच्या तयार थीम रोमन लिपी समोर ठेवून बनवलेल्या असतात आणि तेच आकडे देवनागरीला जसेच्या तसे लागू होतात. रोमनमधली बरीचशी छोटी अक्षरं मधल्या एकाच पट्ट्यात बसतात, वरखाली डोकावणारी थोडीच. देवनागरी मात्र तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. ‘मूर्तींपुढे’ हा एक शब्द पाहा: वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर, आणि त्याच शब्दात दोन उकार पायाशी. १६ पिक्सेलमध्ये हे तिन्ही मजले बसवायचे म्हटल्यावर मधलं अक्षर लहान होणारच, आणि रोमनला पुरणारं ओळींमधलं अंतर इथे अपुरं पडणारच.

आधी भाषा सांगा

बाकी कशालाही हात लावण्याआधी एचटीएमएलच्या, म्हणजे पानाचा सांगाडा मांडणाऱ्या खुणांच्या, मुळाशी भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ची किंमत ‘एमआर’, म्हणजे मराठी, करा. बऱ्याच मराठी पानांवर तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहिलेला असतो. या एका दुरुस्तीने तीन कामं होतात. स्क्रीन रीडर मजकूर मराठी म्हणून वाचतो. ‘:लँग(एमआर)’ हा सीएसएसमधला निवडक (नियम कोणत्या मजकुराला लागू ते सांगणारा भाग) वापरून मराठीसाठी वेगळे आकडे देता येतात, म्हणजे इंग्रजी पानाला धक्का न लावता पुढचं सगळं करता येतं. तिसरं काम अक्षरांच्या वळणाचं आहे. मराठी वाचकाच्या सवयीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मूळ रूप हिंदीचं असतं, आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच फॉन्ट दुसरं रूप काढतो. ज्या फॉन्टमध्ये ही सोय नाही, तिथे लँग लिहूनही काही होत नाही. म्हणून फॉन्ट निवडतानाच लँग लावून आणि काढून ‘लशलश’ लिहून पाहा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठी वेगळा काढलेला आहे, त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं स्वतंत्र आहेत.

मराठी परिच्छेदात एखादं वाक्य रोमन लिपीतलं इंग्रजी असेल, तर त्या तुकड्याला इंग्रजीचं लँग द्या. ‘मोबाईल’सारख्या देवनागरीत लिहिलेल्या शब्दाला ते देऊ नका, तो मराठी मजकूरच आहे.

ओळींमधलं अंतर

सर्वात मोठा फरक इथे पडतो. मुख्य मजकुरासाठी लाइन-हाइट (ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट) १.७ पासून सुरू करा. उंच मात्रा आणि खोल जोडाक्षरं असलेला फॉन्ट असेल तर १.८. इंग्रजीचं १.५ ठेवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. भिडला नाही तरी दोन शिरोरेषांमधला पांढरा पट्टा भरून जातो, आणि ओळ संपल्यावर पुढची ओळ शोधायला नजरेला आधार राहत नाही. थकवा येतो तो त्या शोधाशोधीचा. १.९ च्या पलीकडेही जाऊ नका. ओळी सुट्या पडतात आणि परिच्छेद कुठे तुटला ते कळत नाही.

हा आकडा एककाशिवाय लिहा. ‘१.७ एम’ (एम म्हणजे त्या मजकुराच्या अक्षराचा आकार) असं लिहिलं तर १८ पिक्सेलच्या मजकुरावर हिशेब होऊन ३०.६ पिक्सेल हा ठरलेला आकडा खालच्या घटकांकडे वारशाने जातो. मग ३४ पिक्सेलच्या शीर्षकालाही ३०.६ चीच ओळ मिळते आणि दोन ओळींचं शीर्षक एकमेकांवर चढतं. नुसतं १.७ लिहिलं की प्रत्येक घटक आपल्या आकारानुसार हिशेब करतो. ‘नॉर्मल’वरही सोडू नका. तिथे उंची फॉन्टच्या मापांवरून ठरते, आणि एखाद्या ओळीत रोमन शब्द दुसऱ्या फॉन्टमधून आला की तेवढीच ओळ फुगते.

शीर्षकांना १.३५ ते १.४ पुरतं. थीममध्ये तिथे १.१ किंवा १.२ लिहिलेलं असतं, आणि त्याच्या जोडीला चौकटीबाहेरचा भाग लपवणारं ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असेल तर पहिल्या ओळीच्या वेलांट्या चक्क कापल्या जातात. दोन ओळींनंतर मजकूर छाटणाऱ्या कार्डांवर हे हमखास दिसतं. ‘मी’चा ‘मा’ झालेला दिसला तर टंकलेखनाची चूक शोधण्याआधी हे तपासा. उपाय म्हणजे ओळीची उंची वाढवणं आणि त्या चौकटीला वरून ०.१५ एम पॅडिंग (आतली मोकळी जागा) देणं. बटणांचंही तेच. उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकू नका, वर-खाली पॅडिंग द्या आणि उंची मजकुराला ठरवू द्या.

शिरोरेषा तोडू नका

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मराठीत शून्य. यात तडजोड नाही. इंग्रजी शीर्षकांना आणि मेन्यूंना ०.०५ एम अंतर देण्याची पद्धत आहे. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषेत प्रत्येक अक्षरानंतर फट पडते. शब्द म्हणजे एका रेषेला टांगलेला एक गट, ही मराठी वाचकाची मुळातली खूण आहे. फट पडली की शब्द संपला की नाही, याचा प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागतो. उणे अंतर दिलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात, आणि रंग अर्धपारदर्शक असेल तर चढलेल्या जागी गडद ठिपके दिसतात. ‘:लँग(एमआर)’ खाली लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’ करा आणि थीममधल्या बटणं, मेन्यू, लेबलं यांच्या नियमांवर ते खरोखर मात करतंय ना, हे ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत पाहा. नियमाची ताकद कमी पडल्याने नेमकी तीच ठिकाणं सुटतात.

मजकूर मोकळा हवाच असेल तर शब्दांमधली जागा वाढवा. अखंड शिरोरेषेमुळे मराठी शब्द काळ्या पट्टीसारखा दिसतो. दोन पट्ट्यांमधली फट स्पष्ट हवी. काही फॉन्टमध्ये मोकळी जागा अरुंद काढलेली असते. तिथे वर्ड-स्पेसिंग ०.०५ ते ०.०८ एम वाढवलं की पान लगेच सुटसुटीत होतं. त्याहून जास्त दिलं की ओळीत भोकं दिसू लागतात.

तिरक्या अक्षरांबद्दलही तेच. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही. बहुतेक फॉन्टमध्ये तिरकी फाइल नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो आणि काने, मात्रा कलतात. एचटीएमएलमध्ये जोर, ग्रंथनाम, पत्ता या खुणा मुळातच तिरक्या होतात, शिवाय काही थीम अवतरणंही तिरकी करतात. मराठीसाठी या सगळ्यांना फॉन्ट-स्टाइल ‘नॉर्मल’ करा. जोर दाखवायला ७०० वजन (अक्षराची जाडी) वापरा, ग्रंथनामाला अवतरणचिन्हं.

अधोरेखेत तोच त्रास पायाशी होतो. दुव्याची रेघ उकारातून आरपार जाते आणि ‘सु’ आणि ‘सू’ यांतला फरक पुसला जातो. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२ ते ०.२५ एम ठेवा, रेघ पातळ ठेवा, आणि खाली येणाऱ्या भागांपाशी रेघ तोडण्याची ब्राउझरची सोय कोणी बंद केली असेल तर ती परत चालू करा.

आकार आणि ओळीची लांबी

तीन मजल्यांच्या हिशेबामुळे १६ पिक्सेलची देवनागरी १६ पिक्सेलच्या रोमनपेक्षा लहान वाटते. मुख्य मजकूर १८ ते २० पिक्सेलच्या आसपास ठेवा, पण लिहा रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत: १.१२५ रेम म्हणजे मूळ सेटिंगमध्ये १८. पिक्सेलमध्ये लिहिलं की वाचकाने ब्राउझरमध्ये स्वतःसाठी वाढवून ठेवलेला आकार धुडकावला जातो, आणि तो आकार वाढवणाऱ्यालाच त्याची खरी गरज असते. पडद्यानुसार बदलता आकार हवा असेल तर क्लॅम्पमध्ये किमान १.१२५ रेम, मधली किंमत ‘१ रेम + ०.५ व्हीडब्ल्यू’ (व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा शंभरावा भाग) आणि कमाल १.३१२५ रेम द्या. सुमारे ४०० पिक्सेल रुंदीपर्यंत १८ राहतो आणि १,००० पिक्सेलला २१ वर थांबतो. नुसतं व्हीडब्ल्यू लिहू नका. मग झूम केलं तरी अक्षर वाढत नाही.

मेन्यू, तळटीपा, चित्रओळी इथे इंग्रजीत १२ पिक्सेल चालून जातात. देवनागरीत १४ च्या खाली ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे ओळखता येत नाहीत. फॉर्मच्या रकान्यांना किमान १६ ठेवा, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट ठेवताच सफारी पान मोठं करतो.

ओळीच्या लांबीसाठी ‘४५ ते ७५ अक्षरं’ हा रोमनचा नियम सगळीकडे सापडतो आणि तो सीएच या एककात लिहिला जातो. मराठीत तो निरुपयोगी आहे. सीएच म्हणजे फॉन्टमधल्या रोमन शून्याची रुंदी. ‘क्ष्म्या’ आणि ‘र’ यांच्या रुंदीशी तिचा काही संबंध नाही, आणि ‘अक्षर’ म्हणजे काय, इथपासूनच वाद सुरू होतो. शब्द मोजा. ओळीत १० ते १२ शब्द बसतील अशी रुंदी चांगली. मुख्य मजकुराच्या रकान्याला कमाल रुंदी ३२ ते ३६ एम दिली की साधारण तेवढे बसतात. फोनवर पाच-सहा शब्दच मावतात, आणि प्रत्यय-शब्दयोगी अव्ययं चिकटून ‘विद्यार्थ्यांच्याबद्दलसुद्धा’ असले लांब शब्द तयार होतात. म्हणून फोनवर २० पिक्सेलच्या वर जाऊ नका आणि बाजूचं पॅडिंग १६ पिक्सेलच ठेवा.

याच कारणासाठी मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. पाच शब्दांत चारच फटी असतात. उरलेली सगळी जागा त्या चार फटींत वाटली जाते आणि परिच्छेदात पांढरे ओघळ दिसतात. छापील पुस्तकात हे निभावतं, कारण तिथे ओळ लांब असते आणि जुळणी करणारा हाताने सुधारतो. वेबवर डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं. मराठी शब्द आपोआप तोडण्यावर विसंबू नका, प्रत्येक ब्राउझरमध्ये ते सारखं चालत नाही. शब्द रकान्याबाहेर जाऊ नये म्हणून ओव्हरफ्लो-रॅप ‘ब्रेक-वर्ड’ पुरेसं आहे. वर्ड-ब्रेक ‘ब्रेक-ऑल’ मात्र काढून टाका, ते धडधाकट शब्दही ओळीच्या शेवटी कुठेही तोडतं. आकडा आणि त्याचं एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा घाला, म्हणजे ‘१८’ एका ओळीत आणि ‘पिक्सेल’ दुसरीत असं होणार नाही.

शीर्षकांच्या बाबतीत मराठीला एक अडचण जास्त आहे: मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं असा भेद नाही. इंग्रजीत मुख्य मजकुराच्याच आकाराचं उपशीर्षक मोठ्या अक्षरांत लिहिलं की वेगळं उठून दिसतं. मराठीत ते काम आकार, वजन आणि मोकळ्या जागेलाच करावं लागतं. १८ च्या मजकुराला सुमारे २२, २८ आणि ३५ अशा पायऱ्या ठेवा. शीर्षकाच्या वर त्याच्याच आकाराच्या दीडपट जागा द्या आणि खाली अर्ध्याहून कमी, म्हणजे ते खालच्या मजकुराचं आहे हे न वाचताच कळतं. परिच्छेदांमध्ये ०.९ ते १ एम जागा द्या. पहिलं अक्षर मोठं करून सजवण्याचा मोह टाळा: ‘स्त्री’चं पहिलं अक्षर कोणतं, हे ब्राउझर आणि तुम्ही वेगवेगळं ठरवाल, आणि शिरोरेषा तुटेल ती वेगळीच.

फॉन्टची फाइल

फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट आधी लिहा. रोमन फॉन्ट पहिला असेल तर स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस आणि अवतरणचिन्हं त्याच्यातून येतात. ती मराठी अक्षरांशेजारी खुजी किंवा बारीक दिसतात. मुक्त, हिंद, पॉपिन्स यांसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकत्र जुळवलेल्या आहेत. मजकुरात इंग्रजी नावं वारंवार येत असतील तर असाच फॉन्ट घ्या. रोमनसाठी वेगळा फॉन्ट हवाच असेल, तर फॉन्टची फाइल जोडणाऱ्या फॉन्ट-फेस या नियमात साइझ-ॲडजस्ट वापरून रोमन ९० ते ९५ टक्क्यांवर आणून डोळ्यांनी जुळवा.

प्रत्येक वजनाची खरी फाइल द्या. ४०० आणि ७०० पुरतात. ७०० ची फाइल नसेल तर ब्राउझर ४०० चं अक्षरच फुगवतो, आणि ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ण्ण’ यांच्या आतल्या पोकळ्या भरून काळे डाग होतात. फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ केलं की असा नकली ठळकपणा बंद होतो आणि फाइल राहून गेलीय हे लगेच लक्षात येतं. ३०० किंवा त्याहून हलकं वजन फक्त मोठ्या शीर्षकांसाठी ठेवा.

जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्यांमुळे देवनागरीची फाइल रोमनपेक्षा जड असते, म्हणून ती छाटण्याकडे कल असतो. इथेच अपघात होतात. छाटणीच्या साधनाने ओपनटाइपचे, म्हणजे अक्षरं कशी जुळवायची ते सांगणारे, नियम-तक्ते फेकून दिले की ‘विद्यार्थी’मधला ‘द्या’ पाय मोडलेला ‘द्‌’ आणि ‘या’ असा सुटा दिसतो आणि रफार जागा सोडतो. तक्ते ठेवणारं साधन वापरा, वॉफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फाइल-प्रकारात रूपांतर करा. युनिकोड-रेंज (फाइल कोणत्या चिन्हांसाठी वापरायची ती यादी) लिहिताना यू+०९०० ते ०९७एफ या देवनागरीच्या पट्ट्यावर थांबू नका. अक्षर न जोडणारं आणि जोडणारं अशी दोन अदृश्य चिन्हं अनुक्रमे यू+२००सी आणि २००डी इथे आहेत, तीही घ्या. नाहीतर त्या अक्षरगुच्छासाठी ब्राउझर भलताच फॉन्ट उचलण्याचा धोका राहतो.

फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ ठेवा, म्हणजे फाइल येईपर्यंत यंत्रातल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो: विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर सहसा नोटो. फाइल आल्यावर रुंदी बदलून ओळी पुन्हा तुटतात आणि वाचणाऱ्याची जागा हरवते. सर्वात वर दिसणाऱ्या ४०० वजनाची एकच फाइल आधी मागवून ठेवली की ही उडी बरीच कमी होते. सगळ्याच फाइली आधी मागवल्या तर काहीच आधी येत नाही.

मजकुरातच लपलेले दोष

काही दोष सीएसएसने सुटत नाहीत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसरा प्रकार धोक्याचा आहे. मजकूर साठवताना अदृश्य चिन्हं पुसणारी प्रणाली असेल तर डोंगरातल्या दऱ्यांचा गुपचूप समुद्र होतो. नेहमी ऱ वापरा. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहा. अ वर चंद्र चढवून लिहिलं की काही फॉन्टमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं आणि शोधातही तो शब्द सापडत नाही. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप होण्याची चूक तर जागोजाग असते: आधी मोकळी जागा असली की विसर्गाला टेकायला अक्षर नसतं आणि तेच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं.

प्रोग्रॅममधून मजकूर कापणाऱ्या ओळीही तपासा. ‘पहिली १०० चिन्हं दाखवा’ असा नियम अक्षराच्या मधोमध कापतो आणि सारांशाच्या शेवटी लोंबकळणारा हलन्त उरतो. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे शब्द पाडणारं इंटल-सेगमेंटर आहे. त्याने आधी शब्द वेगळे करा आणि शब्दाच्या शेवटी कापा. अक्षर-अक्षर उमटवणारी ॲनिमेशनं मराठीत शब्द-शब्द उमटवा. शोधलेला शब्द रंगवताना ‘शाळेत’मधला फक्त ‘शाळ’ रंगवू नका, पूर्ण शब्द रंगवा. मात्रा अक्षरापासून तुटली की ती कुठे बसेल याचा नेम नाही.

रंग

वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा आणि मोठ्या मजकुराचा ३ : १. पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी ही अट जेमतेम पार करतो, #७७७७७७ नापास होतो. मराठी मुख्य मजकुरासाठी या काठावर उभं राहू नका. #५९५९५९ किंवा त्याहून गडद घ्या, तिथे विरोध ७ : १ पर्यंत जातो. अनुस्वार हा एक ठिपका आहे, आणि फिक्या रंगात सर्वात आधी तोच नाहीसा होतो. ‘करतो’ की ‘करतों’ यात वाचक सावरून घेतो, पण ‘मुलाना’ आणि ‘मुलांना’ यांत अडखळतो. मॅकवर अक्षर बारीक करणारी फॉन्ट-स्मूदिंगची ओळ थीममध्ये असेल तर काढा. गडद पार्श्वभूमीवर शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं न घेता #१८१८१८ वर #डीडीडी घ्या. तिथे अक्षर जाड भासतं, म्हणून वजन बदलता येणाऱ्या फॉन्टमध्ये ४०० ऐवजी ३७० च्या आसपास आणून पाहा.

तपासणी

नमुन्याचा मजकूर सौम्य नको. हे वाक्य चालेल: ‘कुऱ्हाडीने उद्ध्वस्त झालेल्या मूर्तींपुढे आचाऱ्यांनी आणि आचार्यांनी ॲल्युमिनियमच्या ताटांत शुद्ध दुग्धान्न वाढलं.’ ते मुख्य मजकुरात, शीर्षकात, बटणावर, छाटलेल्या कार्डावर आणि दुव्यात टाका. ३२० पिक्सेल रुंदीवर आडवं सरकवावं लागतंय का, २०० टक्के मोठं केल्यावर काही कापलं जातंय का, ते पाहा. मग स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर आणि कमी घनतेच्या विंडोज पडद्यावर तेच पान उघडा. उच्च घनतेच्या लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं. बदल एका वेळी एकच करा, या क्रमाने: लँग, लाइन-हाइट, लेटर-स्पेसिंग, मग आकार. बहुतेक पानांवर चौथ्या पायरीपर्यंत पोचण्याआधीच फॉन्ट बदलण्याचा विषय मागे पडतो.